गाडीला लावलेला होडीचा रंग

मी माझ्या गाडीला एकदा होडीचा रंग लावला होता. नुसता बाहेरून लावला असता तर आमच्या गल्लीने चार दिवस हसून सोडून दिलं असतं. पण मी बॉनेट उघडलं आणि आत, गाडीचा नंबर पत्र्यावर कोरलेला असतो ना, तिथेही ब्रश फिरवला. आधी गंजावर लाल ऑक्साइडचा हात, तो वाळल्यावर निळा ऑइलपेंट, आणि निळा पातळ वाटला म्हणून वर आणखी निळा. एवढं कौतुक कशासाठी, तर विमा कंपनीचा माणूस गाडी तपासायला येणार होता म्हणून.

मी तेव्हा पंचावन्नच्या आसपास होते. म्हणजे आत्ता मी जिथे बसलेय तिथून बघितलं तर तरुणच. केसांना कलप, डोळ्यांना काळा चष्मा आणि डोक्यात आपल्यासारखं शहाणं रत्नागिरीत दुसरं कुणी नाही हा समज. त्या बाईला आता रस्त्यात भेटले तर मी तिच्याशी बोलणार नाही. लांबून बघत उभी राहीन, कारण करमणूक चांगली होईल.

गाडी आमच्याकडे आली तीच मुळात ह्यांच्यासाठी. आमची मासेमारीची होडी होती. ह्यांचं सगळं आयुष्य तिच्या सुकाणूवर गेलं. बदली झालेल्या एका बँकेच्या साहेबाची छोटी पांढरी गाडी विकायला होती, ती ह्यांनी हौसेने घेतली आणि ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं. जमलं नाही. ब्रेक नसलेल्या वस्तूवर जन्म काढलेल्या माणसाला ब्रेक असलेली वस्तू कळेना. पुढे काही आलं की हे स्टीअरिंग वळवून लांबूनच वळसा घालायला बघायचे, आणि रस्ता काही समुद्राएवढा रुंद नसतो. शिकवणाऱ्याने हात जोडले. मग भरलेली फी फुकट कशाला घालवायची म्हणून मी जाऊन बसले, आणि मला आली. लायसन्स माझं झालं, तेव्हा ह्यांनी मोठ्या मनाने गाडीही माझ्या नावावर करून दिली. मोठ्या मनाने म्हणजे दोन महिने तोंड फुगवून.

गाडी चालवणारी मी कशी होते ते सांगते. गल्लीतल्या कोंबड्यांनाही हॉर्न द्यायची. चौथा गिअर शोभेला आहे असं मला वाटायचं. मागच्या सीटवर शेजारणी इतक्या दाटीने बसायच्या की उतरताना कुणाचा पदर कुणाचा ते सोडवावं लागे. कुणाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, कुणाला बँकेत, कुणाला नुसतंच. आणि मी एकटी निघाले की भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या बाजूला, माझ्या माहेरी. तोपर्यंत माहेरी जायचं म्हणजे कुणाला तरी विचारायचं, मग त्याला वेळ कधी ते विचारायचं, मग एसटी. आता चावी घेतली की झालं. पुलावर खाडीचं वारं काचेतून आत आलं की मी मोठ्याने गाणं म्हणायची. बरोबर कुणी नसायचं म्हणून कुणी तक्रार केली नाही.

रिव्हर्स मात्र मला कधी नीट आला नाही. आमच्याच अंगणाच्या गडग्याला, म्हणजे चिऱ्याच्या कुंपणाच्या भिंतीला, मी गाडी डाव्या अंगाने घासली आणि मागच्या दाराला परातीएवढा पोचा पाडला. गडग्याला काही झालं नाही.

आता विम्याचं. जुन्या कंपनीचा एजंट दर वर्षी घरी यायचा. गाडी माझी, नाव माझं, पण दारात आल्या आल्या विचारायचा, मालक आहेत का घरात. मग ह्यांच्याशी सुरमईच्या भावावर बोलायचा, कागद ह्यांच्या हातात द्यायचा आणि सही करायची वेळ आली की माझ्याकडे बघून म्हणायचा, वहिनी, इथे जरा. मी हातात चहाचा ट्रे घेऊन. दोन-तीन वर्षं मी ट्रे धरला. मग एका मे महिन्यात तो चहा पिऊन गेल्यावर जाहीर करून टाकलं की यंदा मी कंपनी बदलणार, आणि सगळं माझं मी करणार.

आमच्या ओट्यावर तेव्हा थोरले भावोजी बसले होते. भावोजी म्हणजे ह्यांचे मोठे भाऊ, शेजारच्याच घरात राहणारे, बोटीवरच्या नोकरीतून निवृत्त होऊन आलेले. आमच्याकडे थोरला दीर धाकट्या भावाच्या बायकोशी सरळ बोलत नाही. त्यामुळे मी समोर हातभर अंतरावर उभी असले तरी भावोजींचा प्रत्येक टोमणा ह्यांच्यामार्फत यायचा.

"तुझ्या बायकोला सांग," ते म्हणाले, "विमा म्हणजे बांगड्याचं कालवण नाय, मीठ कमी पडलं तर वरून टाकता येत नाय."

मीही ह्यांनाच म्हटलं की तुमच्या भावाला सांगा, कालवण खाताना बरं कधी मीठ कमी लागलं नाही.

भावोजींचा त्या गाडीवर डोळा होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांना गाडी चालवता यायची, चांगली यायची, आणि ती पांढरी गाडी एका बाईच्या हातात बघून त्यांच्या पोटात दुखायचं. हे दोन्हीकडून कात्रीत सापडलेले. शेवटी ह्यांनी ठरवून टाकलं की गाडीच्या कागदात आपण लक्ष घालणार नाही. यंदा सगळं मी बघायचं. आमचं धंद्याचं वर्ष नारळी पौर्णिमेला सुरू होतं; त्या दिवशी गाडी कागदपत्रांसकट रस्त्यावर आली तर ती माझी, पुन्हा कुणी विषय काढायचा नाही. नाही आली तर ती दादाकडे जाईल. भावोजींनी लगेच मान हलवली. मी तर त्याआधीच हलवली होती, कारण त्यात हरण्यासारखं काही असेल असं मला वाटलंच नाही.

दुसऱ्याच दिवशी जयस्तंभाजवळ एका कंपनीच्या ऑफिसात गेले. काउंटरवर एक चुणचुणीत मुलगी होती. तिने मला आधी बसायला सांगितलं आणि मग विचारलं, "काकी, गाडी कुणाच्या नावावर?" माझ्या, म्हटलं. तिने नुसतं लिहून घेतलं. मी तिथेच कंपनी बदलली, मनातल्या मनात.

तिने सांगितलं ते अगदी सोपं होतं. जुना विमा मृगाच्या तोंडावर संपतोय ना, मग तो संपायच्या आत इकडे या. मध्ये खंड पडला नाही तर गाडी बघायला कुणी येत नाही, जुना कागद दाखवायचा की नवा सुरू. खंड पडला तर मात्र गाडी तपासावी लागते. मी हो हो म्हटलं, सरबत प्यायले आणि घरी आले.

आणि घरी येताना, पुढची रिक्षा हलायची वाट बघत स्टीअरिंगवर बसलेली असताना, मला अक्कल सुचली.

आमच्या धंद्याची एक रीत आहे. पावसाळा लागला की मासेमारी बंद. होडी किनाऱ्यावर ओढून घेतात, वर झावळ्या-ताडपत्री घालून शाकारून ठेवतात, जुन्या खलाशांचा हिशेब मिटवतात. मग ऑगस्टात होडी उघडायची, डागडुजी करायची, रंग काढायचा, आणि नारळी पौर्णिमेला नारळ दिला की सगळं नव्याने सुरू. मधले दोन महिने होडी होडी नसते, नुसतं लाकूड असतं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हेच बघत आलेले. मला वाटलं, गाडीचंही असंच करावं. जुना विमा मृगाला संपतोय, म्हणजे अगदी होडी वर ओढायच्या वेळेला. केवढा शुभ योग. पावसाळाभर गाडी शाकारून ठेवू. बंद गाडीला कसला विमा. जुन्याचं पूर्ण मिटू दे, मग पौर्णिमेला नवा विमा घालून गाडी पाण्यात, म्हणजे रस्त्यावर, उतरवू. दोन कंपन्या एकमेकींना चिकटून कशाला, मध्ये जरा हवा खेळलेली बरी.

मी हे कुणालाही विचारलं नाही. विचारायचं नाही हीच तर पैज होती.

मागच्या पडवीला लागून आमची पत्र्याची शेड होती. तिथे गाडी नेऊन उभी केली, खाली फळ्या घातल्या, वर ताडपत्री टाकली, सुंभाने आवळली. होडी बांधतात तशीच गाठ मारली. हे एकदा येऊन बघून गेले, काही बोलले नाहीत. आपण लक्ष घालणार नाही म्हणाले होते ना. मला वाटलं, काम पसंत पडलं.

पावसाळा गेला तसा गेला. मी माहेरी एसटीने दोनदा जाऊन आले आणि एसटीत मान वर करून बसले, जणू मी हौसेने आलेय. ऑगस्ट लागला, पौर्णिमा जवळ आली, तशी मी पुन्हा जयस्तंभाला. त्या मुलीने जुना कागद हातात घेतला, तारीख बघितली आणि माझ्याकडे बघितलं.

"काकी, हा तर कधीच संपला. मी सांगितलं होतं ना?"

मी तिला पावसाळी बंदीची सगळी रीत समजावून दिली. बिचारीने ऐकून घेतली. मग म्हणाली की विम्याला पावसाळा नसतो. गाडी शेडमध्ये असताना वर माड पडला असता तर कंपनीने काही दिलं नसतं, आणि आता गाडी नुसती गल्लीच्या तोंडापर्यंत नेली तरी गुन्हा आहे. तीन महिने उलटले नव्हते म्हणून अपघात न केल्याबद्दलची जुनी सवलत तेवढी वाचणार होती. पण आमचा माणूस घरी येऊन गाडी चारी बाजूंनी बघेल, फोटो काढेल, नंबर तपासेल, तो हो म्हणाला तरच विमा. येईल या आठवड्यात.

आता नात हेच काम अंगणात फोन घेऊन करते. फोन सांगतो, गाडीभोवती फिरा, ती फिरते, फोन सांगतो काच दाखवा, ती दाखवते. तेव्हा आमच्याकडे माणूसच यायचा. आणि माणूस बघायला येणार म्हटल्यावर त्या पंचावन्न वर्षांच्या तरुणीला काय सुचावं? मला बघायला आले होते तेव्हा माझ्या आईने मला जेवढं घासलं नव्हतं तेवढी मी ती गाडी घासली. टायरांना खोबरेल लावलं. मग तो पोचा डोळ्यांत सलायला लागला. एवढा मोठा पोचा बघितल्यावर कंपनी कशी घेईल? ह्यांनी होडीसाठी आणलेले रंगाचे डबे पडवीत होतेच. मी पोच्यात बोटभर जाडीची लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि वरून होडीचा पांढरा रंग दिला. होडीचा पांढरा जरा पिवळसर असतो हे मला तो वाळल्यावर कळलं. दारावर मोठी साय आल्यासारखं दिसायला लागलं. ते झाकायला मी पुढून मागपर्यंत एक निळा पट्टा ओढला, होडीला असतो तसा. एकाच बाजूला बरा दिसेना म्हणून दुसऱ्या बाजूलाही ओढला. मग बॉनेट उघडलं आणि आतला गंज बघून माझ्यातली होडीवाल्याची बायको जागी झाली. पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे.

संध्याकाळी लांब उभी राहून बघितलं. गाडी सुरमईसारखी दिसत होती. मला फार आवडली.

कंपनीचा माणूस आला तो पौर्णिमेच्या अगदी तोंडावर. चिपळूणकडचा, पोट सुटलेला, गळ्यात फोन अडकवलेला, हातात कागदांची पिशवी. शेडच्या दाराशी आला आणि थांबला. गाडीच्या नोंदणीच्या पुस्तकात रंग काय लिहिलाय ते बघितलं, मग गाडीकडे बघितलं, मग पुन्हा पुस्तकाकडे.

"मावशी, ही तीच गाडी का?"

तीच, मी अभिमानाने म्हटलं. त्याने बोटाने पोच्यावरचा रंग टोचून बघितला. बोटाला रंग लागला. मग म्हणाला, बॉनेट उघडा. मी उघडलं. आत सगळं निळं चकचकीत. तो वाकला, फोनची बॅटरी लावली, उजव्या कोपऱ्यात बघितलं, डाव्या कोपऱ्यात बघितलं. पिशवीतून पातळ कागद आणि पेन्सिल काढली. नंबरावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली की आकडे कागदावर उठतात, तशी त्यांची पद्धत. त्याने घासली. कागद नुसता काळा झाला.

"मावशी, नंबर कुठे गेला?"

"तिथेच आहे. रंगाच्या खाली."

"खाली आहे हे तुम्हाला माहीत. मला दिसायला नको?" त्याने घाम पुसला. "विम्यात खंड पडलेला, अंगावर ओला रंग आणि नंबर झाकलेला. चोरीच्या गाडीला तरी यापेक्षा जास्त काय करतात?"

एव्हाना ओट्यावर भावोजी आणि होडीवरून जेवायला आलेले हे येऊन बसले होते आणि गडग्याच्या पलीकडे दोन शेजारणी. भावोजींचा आवाज आला, अर्थात ह्यांना उद्देशून. "तुझ्या बायकोला सांग, चहा जरा जास्त टाक. पोलीसपण येतील."

मी पोच्यावर आले. म्हटलं, निदान पोचा तरी झाकला ना चांगला? तर त्या माणसाने डोक्याला हात लावला. पोचा होता तसा ठेवला असता तर तो फोटो काढून लिहून घेणार होता, मागच्या दाराला जुना पोचा, आणि निघून जाणार होता. त्या पोच्याचा खर्च कंपनी देणार नव्हती, एवढंच. आधीचं नुकसान कुणी उद्या नवं म्हणून दाखवू नये, यासाठी ते बघायला येतात. पोच्यावरून कुणी गाडी नाकारत नाही. रंगावरून मात्र संशय घेतात.

परवा त्याला आमच्याच भागात दुसरी गाडी बघायची होती. तोवर नंबर दिसला तर ठीक. नाही दिसला तर वाचता येत नाही असं लिहून देणार, मग कंपनी नकार देणार आणि मी आरटीओच्या दारात. परवाच्या दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. जाताना बजावून गेला, खरवडायचं नाही, पॉलिश पेपर लावायचा नाही. एक जरी आकडा झिजला तरी नंबर बदलायला गेलात असं दिसेल.

तो गेला, शेजारणी गेल्या, हेही परत होडीवर गेले. भावोजी शेडपर्यंत आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि टायरला हलकेच पाय लावून बघितला. गाडी विकत घेणारे लावून बघतात तसा. तो पाय मला अजून आठवतो.

मी रॉकेल आणि फडकं घेऊन बसले. घासत राहिले. हात कोपरापर्यंत निळे झाले, पत्रा होता तसाच. दुपार टळली. मला एरवी रडू येत नाही, कांद्यानेही येत नाही. त्या दुपारी मात्र बॉनेटच्या आत डोकं घालून मी जरा रडले. रंगासाठी नाही. पुन्हा विचारत बसायचं या कल्पनेने. मला सोडता का, तुम्हाला वेळ कधी, परत आणायला कोण येईल. एकदा चावी घेऊन भाट्याचा पूल ओलांडलेल्या बाईला पुन्हा हे विचारायचं म्हणजे काय, ते ज्याने कधी विचारलं नाही त्याला कळणार नाही. आणि हे सगळं माझ्या स्वतःच्या हाताने, निळ्याचे दोन हात देऊन.

मागे पावलं वाजली. हे उभे होते. पौर्णिमेच्या आधीचे दिवस म्हणजे होडीवर मरणाचं काम, ह्यांना त्या वेळी घरी असायचं कारणच नव्हतं.

"रॉकेलने हा रंग निघाला असता," हे म्हणाले, "तर आमच्या होड्या दर वर्षी उघड्याच फिरल्या असत्या गो."

मी मान वर केली नाही. हे गेले. मला वाटलं, गेले हसायला. पण परत आले ते थिनरचा डबा आणि जुन्या धोतराच्या चिंध्या घेऊन. मला बाजूला सरकवलं. चिंधी थिनरमध्ये भिजवून नंबर असेल त्या जागी नुसती ठेवली, वर प्लास्टिक दाबलं आणि पायरीवर बसले. घासायचं नाही, म्हणाले, भिजू द्यायचं. आम्ही दोघं बसून राहिलो. मी चहा आणला. एवढ्या वर्षांत ह्यांच्याबरोबर नुसतं बसायची वेळ कमीच आली होती, आणि आली तीही अशी, एका भिजत घातलेल्या चिंधीकडे बघत.

ओट्यावरून भावोजींनी हाक मारली. "काय रे, तू नक्की कुणाच्या बाजूचा?"

"रंगाच्या," हे म्हणाले. "माझा डबा संपवलान हिने. कुठे गेला तो बघतोय."

चिंधी उचलली तेव्हा निळा रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला होता. ह्यांनी अंगठ्याने तो हळूच ढकलला. खालून लाल निघाला. पुन्हा चिंधी, पुन्हा वाट. असं करत दिवेलागणीच्या आत पहिलं इंग्रजी अक्षर दिसलं, मग एकेक आकडा. शेवटचा आकडा तीन की आठ यावर आमचं भांडणही झालं. मी माझा दात घासायचा ब्रश आणला, खाचेतला लाल काढला, तेव्हा तीन निघाला. मी म्हटलं होतं तीन.

दुसऱ्या दिवशी मी बाहेरचे पट्टे काढायला घेतले. हे म्हणाले, ते राहू देत, बरे दिसतात. मी काढले. मग पोच्यातली लांबीही उकरून काढली. हे बघतच राहिले. म्हटलं, लिहायचं आहे ना त्याला, लिहू दे.

तिसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस बोलल्याप्रमाणे आला. यावेळी त्याने काम सुरू केलं ते थेट बॉनेटपासून. कागद ठेवला, पेन्सिल घासली, आणि आकडे एकामागून एक वर आले. पुस्तकाशी ताडून बघितले. मग चारी बाजू, काच आतून आणि बाहेरून, इंजिन चालू करून मीटर. पोच्यापाशी थांबला आणि सहज विचारलं, हा कसा पडला?

हे एकदम पुढे झाले. "ती म्हैस आली होती ना शेजारची, ती—"

"मी," मी म्हटलं. "रिव्हर्स घेताना. तो गडगा."

त्याने लिहून घेतलं. ह्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की एक चांगली म्हैस फुकट घालवली. मग त्या माणसाला मागचा फोटो उजेडात हवा होता, म्हणून गाडी शेडमधून अंगणात घ्यायला सांगितली. मी रिव्हर्स टाकला. अंगणातली सगळी माणसं एका क्षणात ओट्यावर चढली. ह्यांनी त्या माणसाला बाही धरून वर ओढलं. मी इतकी हळू आले की गडग्यालाही कंटाळा आला असेल.

दुपारी जयस्तंभावरून त्या मुलीचा फोन आला. झालं, काकी. तिने कागद फोनवर पाठवते म्हटलं, पण मला तो हातात हवा होता. गाडी घेऊन जाण्याइतकी हुशारी यावेळी केली नाही. अजून पैसे भरायचे होते, विमा सुरू व्हायचा होता. रिक्षाने गेले, पैसे भरले, माझ्या नावाचा कागद घेतला, घडी न घालता धरून आणला.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. नारळ द्यायला सगळे मांडवीला निघाले. मी गाडी गल्लीत काढली. भावोजी आपल्या दारात उभे होते. ते ह्यांना म्हणाले, तुझ्या बायकोला सांग, भरती आहे, वाळूत घालू नको. मी ह्यांना म्हटलं, तुमच्या भावाला सांगा, मागे जागा आहे, यायचं असेल तर यावं. ते आले नाहीत, पण जाऊबाई आल्या, आणि त्यांच्यामागून शेजारणी. हे पुढचं दार उघडून माझ्या शेजारी बसले. पहिल्या वळणावर ह्यांनी दारावरची कडी धरली ती मांडवीपर्यंत सोडली नाही.

नारळ देऊन झाल्यावर बायका फुगड्या घालायला रेंगाळल्या आणि आम्ही दोघंच गाडीत येऊन बसलो. तेव्हा मी विचारलं. नुसतं बघत बसला असतात तरी गाडी भावाकडे गेली असती, तुमच्या मागची कटकट संपली असती. थिनर कशाला आणलंत?

ह्यांनी आधी समुद्राकडे बघितलं, मग कडी पुन्हा धरली.

"दादाच्या गाडीत मला मागे बसावं लागलं असतं गो," हे म्हणाले. "पुढे त्याच्या शेजारी वहिनी बसली असती. इथे पुढे बसून भ्यायला तरी मिळतं."